उच्छ्वासाची काटकसर

भिवंडीला लागून असलेल्या शेलार गावाजवळून कामवारी नदी वाहते आणि पुढे खाडीला मिळते. शेलार आज यंत्रमागांच्या खडखडाटासाठी ओळखले जाते. परंतु त्या बाजूच्या खाड्यांचा एक जुना धंदा अगदी निःशब्द आहे. खाडीच्या तळाची रेती काढण्याच्या ह्या पद्धतीला ‘डुबी’ म्हणतात, आणि सरकारच्या रेतीविषयक नियमांतही ‘हातपाटी-डुबी’ हा शब्द जसाच्या तसा आलेला आहे. एक होडी, तळात रोवलेला एक बांबू, एक बादली आणि छातीत भरून घेतलेला श्वास, एवढेच ह्या धंद्याचे भांडवल. माणूस बांबू धरून खाली जातो, गढूळ पाण्यात हाताने चाचपून बादली भरतो आणि वर येतो. थोडा दम खाल्ला की पुन्हा खाली.

ह्या माणसाला वर यायला कोण सांगते? आपण म्हणू, छातीतला प्राणवायू संपत आला म्हणजे तो वर येतो. वस्तुतः तसे नाही. प्राणवायू कमी झाल्याची तक्रार आपले शरीर फार उशिरा आणि फार क्षीण आवाजात करते. श्वास कोंडल्यावर जी तगमग होते, छाती फुटेल असे जे वाटते, ते रक्तात साठत चाललेल्या कर्बाम्ल वायूमुळे. शाळेच्या पुस्तकात ज्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतात तोच हा वायू. श्वासाची लय मुख्यतः हाच वायू राखतो, हे जॉन स्कॉट हाल्डेन आणि प्रीस्टली ह्या दोन संशोधकांनी 1905 साली प्रयोगाने दाखवून दिले. प्राणायाम करणाऱ्यांना कुंभक सुटण्याचा क्षण चांगला परिचयाचा असतो. तो क्षणही हाच वायू ठरवतो.

आता ह्यातला धोका पाहा. बुडी मारण्यापूर्वी एखाद्याने भराभर, जोरजोराने श्वास घेतले, तर प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, परंतु कर्बाम्ल वायू मात्र धुवून निघतो. मग खाली गेल्यावर तगमग उशिरा सुरू होते. माणसाला वाटते, आज दम चांगला टिकला. तळाशी पाण्याच्या दाबामुळे उरलेला थोडा प्राणवायूही पुरेसा भासतो. वर येताना दाब उतरतो, आणि पृष्ठभाग हातभर राहिला असता त्याची शुद्ध हरपते. त्याला कसलीही पूर्वसूचना मिळत नाही, वेदनाही होत नाही.

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय डुबीवाला नव्हे. टाकलेला श्वास पुन्हा घेऊन पाण्याखाली तासन् तास राहू देणारे जे यंत्र आज हौशी पाणबुडेही पाठीवर बांधतात आणि ज्याला रिब्रीदर म्हणतात, त्याचा इतिहास मला सांगायचा आहे. परंतु त्या यंत्राची सारी कथा शरीराच्या ह्या एका खोडीभोवती फिरते, म्हणून ती आधी सांगणे भाग होते.

कल्पना मूळची काटकसरी गृहस्थाची आहे. आपण घेतो त्या हवेत शंभरात एकवीस भाग प्राणवायू असतो. आपण सोडतो तिच्यातही सोळा-सतरा भाग शिल्लक असतोच. म्हणजे ताटातला चतुर्थांश खाऊन उरलेले टाकून द्यावे, तसा हा व्यवहार. पाण्याखाली ही उधळपट्टी आणखी वाढते. तीस मीटर खोलीवर दाब चौपट असल्यामुळे प्रत्येक श्वासाला चौपट हवा लागते, परंतु शरीराला लागणारा प्राणवायू तेवढाच राहतो. त्या खोलीवर साध्या उपकरणाने श्वास घेणारा पाणबुड्या बरोबर नेलेल्या हवेचा सुमारे ऐंशीवा ते शंभरावा भाग वापरतो आणि बाकीची बुडबुड्यांच्या रूपाने समुद्राला अर्पण करतो. हे बुडबुडे जर पिशवीत धरले, त्यातला कर्बाम्ल वायू काढून टाकला आणि खर्ची पडलेल्या प्राणवायूची भर घातली, तर तीच हवा पुन्हा पुन्हा वापरता येईल. कर्बाम्ल वायू काढावा कसा? चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते, हे आपण सर्वांनी शाळेत पाहिले आहे. चुना, कॉस्टिक सोडा, कॉस्टिक पोटॅश ह्या पदार्थांना ह्या वायूची मोठी ओढ आहे. यंत्राचे अर्धे मर्म त्या दुधाळ निवळीतच आहे.

हे मर्म पाण्याखाली नेऊन यशस्वी करून दाखवणारा पहिला माणूस हेन्री फ्ल्यूस हा इंग्रज. तो व्यापारी जहाजांवर नोकरी केलेला दर्यावर्दी होता; पाणबुड्याचा धंदा त्याने कधी केलेला नव्हता. रबरी मुखवटा, पाठीवर श्वासाची पिशवी, तांब्याच्या पात्रात दाबून भरलेला प्राणवायू, आणि कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात भिजवलेला काथ्यासारखा दोरीचा पिंजर असे त्याचे साहित्य होते. 1879 साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेच्या पाण्याच्या टाकीत तो स्वतःच हे घालून उतरला आणि वरून हवेची नळी नसताना पाण्याखाली राहून दाखवले. ज्यांनी ते पाहिले त्यांना आपल्या महाभारतातील दुर्योधनाचे जलस्तंभन आठवण्याचे कारण नव्हते. आपल्याकडच्या प्रेक्षकांना मात्र तेच प्रथम आठवले असते.

टाकीतील करमणूक निराळी आणि काम निराळे. ते काम लवकरच पुढे आले. इंग्लंड आणि वेल्स ह्यांच्यामधील सेव्हर्न नदीच्या मुखाखालून ग्रेट वेस्टर्न रेल्वे बोगदा खणत होती. आपल्या मुंब्र्याचा पारसिक बोगदा 1916 साली पुरा झाला तेव्हा त्याच्या सव्वा किलोमीटरभर लांबीचे केवढे कौतुक झाले! सेव्हर्नचा बोगदा सुमारे सात किलोमीटरांचा. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेसाठी आखलेल्या बोगद्याच्या ठाणे खाडीखालील भागाचीही लांबी साधारण तेवढीच आहे. 1879 च्या ऑक्टोबरात ह्या कामात एक प्रचंड झरा फुटला आणि सारे काम पाण्याखाली गेले. पंप लावले, पण पाणी हटेना. नदीखालून खणत नेलेल्या अरुंद वाटेत एक लोखंडी दार होते. ते दार पळताना मजुरांनी उघडेच टाकले होते, आणि त्या बाजूने येणारे पाणी ते लावल्यावाचून थांबणार नव्हते. दार विहिरीच्या तळापासून सुमारे हजार फूट आत होते.

अलेक्झांडर लँबर्ट नावाचा नामांकित पाणबुड्या ह्या कामावर बोलावला गेला. त्याने प्रथम नेहमीचा पोशाख घातला. तांब्याचे शिरस्त्राण, जड बूट आणि वरच्या पंपाकडून हवा आणणारी लांब नळी. नळी ओढायला दोन मदतनीस पाणबुडे वाटेत उभे केले होते. मिट्ट काळोख, पायाखाली रूळ, उलटलेल्या डबड्या, खडक, कामगारांनी टाकून दिलेली हत्यारे. दार जेमतेम शंभर फूट राहिले असताना नळी छताला चिकटून बसली आणि हजार फुटांचे ते ओझे एकट्याच्या बळाने पुढे सरकेना. ज्या नळीने तो जिवंत होता तिनेच त्याला मागे खेचले, आणि त्याला परतावे लागले.

तेव्हा फ्ल्यूसला त्याच्या यंत्रासह पाचारण करण्यात आले. प्रथम तो स्वतः खाली गेला, परंतु तो टाकीचा धीट. बोगद्यातील अंधार त्याच्या आवाक्याबाहेरचा ठरला आणि तो माघारी आला. मग लँबर्टने ते यंत्र आपल्या पाठीवर घेतले. ह्या क्षणाचे महत्त्व आपल्या लक्षात यावे. आयुष्यभर ज्याने वरच्या माणसाच्या पंपावर आपला श्वास सोपवला, त्याने आता दोर तोडला. पंप नाही, नळी नाही, दोरीचे इशारे नाहीत. पाठीवरच्या पिशवीत काय चालले आहे हे दाखवणारा काटा नाही. त्याला सोबत होती ती आपल्याच उच्छ्वासाच्या आवाजाची.

नोव्हेंबर 1880. पहिल्या खेपेस तो दारापर्यंत पोहोचला. दारातून गेलेले रूळ उखडल्यावाचून ते लागणार नव्हते. एक निघाला, दुसरा निघेना, तो परत आला. दोन दिवसांनी तो पुन्हा गेला. दुसरा रूळ उखडला, दार लावले आणि शेजारच्या नळावरील झडपेचा दांडा जितके फेरे सांगितले होते तितके फिरवून तो परतला. पाण्याखाली तो सव्वा तासाच्या आसपास होता. वर वाट पाहणाऱ्यांना तो काळ कसा गेला असेल ह्याची कल्पना करावी. पुढे पंपांना यश आले, बोगद्याची ती वाट मोकळी झाली, आणि तेव्हा एक गंमत उघडकीस आली. झडपेचे मळसूत्र उलटे, म्हणजे डावखुरे होते. लँबर्टने ती बंद करायला म्हणून जे फेरे दिले, त्यांनी ती वस्तुतः उघडली होती! दार मात्र त्याने पक्के लावले होते, म्हणून काम निभावले. माझ्या मते ह्यात त्या पाणबुड्याचा काहीच दोष नाही. मळसूत्राची दिशा कागदावर न टिपणाऱ्याचा आहे. असो.

1886 साली सेव्हर्नचा बोगदा वाहतुकीस खुला झाला. परंतु त्या आधी, 1883 साली, झरा पुन्हा फुटला होता आणि लँबर्ट पुन्हा फ्ल्यूसचे यंत्र घालून उतरला होता. ह्या खेपेस तो मरता मरता वाचला. शेवटी काम उरकले ते जुन्या नळीच्या पोशाखानेच. ज्या यंत्राने तीन वर्षांपूर्वी त्याला कीर्ती दिली, तेच आता उलटले ते का? ह्याचे उत्तर एका पुस्तकात तेव्हाच छापलेले होते. पॉल बेर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1878 साली जनावरांवरील प्रयोगांनी दाखवले होते की दाबाखाली निव्वळ प्राणवायू हे विष आहे; त्याने झटके येतात. ज्याला आपण प्राणाचेच नाव दिले तोच वायू प्राण घेतो, हे पटण्यासारखे नव्हते. शास्त्रज्ञाचे पुस्तक आणि बोगद्यातील पाणबुडे ह्यांची गाठ पडायला साठ वर्षे लागली.

मधल्या काळात हे यंत्र पाणबुडी नौकांत शिरले. रॉबर्ट डेव्हिस ह्यांनी सुधारलेली प्राणवायूची पिशवी ब्रिटिश आरमाराने बुडालेल्या नौकेतून निसटण्यासाठी स्वीकारली, आणि 1931 साली चीनच्या किनाऱ्याजवळ ‘पोसायडन’ नौका बुडाली तेव्हा तिच्या बळावर काही खलाशी खरोखरच वर आले. 1 जून 1939 रोजी मात्र लिव्हरपूलच्या उपसागरात ‘थेटिस’ ही नवी नौका चाचणीच्या वेळीच तळाला गेली. पिशव्या होत्या, दार होते, पृष्ठभाग दूर नव्हता. तरी चौघे वाचले आणि नव्याण्णव मेले. कोंडलेल्या हवेत कर्बाम्ल वायू इतका साठला होता की माणसांचे हातपाय आणि बुद्धी दोन्ही थकली होती.

मृतांच्या बाजूने ह्या प्रकरणाचा शोध घेण्याचे काम कामगार संघटनांनी जे. बी. एस. हाल्डेन ह्यांच्याकडे दिले. वर ज्यांचा उल्लेख केला त्या जॉन स्कॉट हाल्डेन ह्यांचे हे चिरंजीव, आणि स्वतःच्या देहाला प्रयोगशाळा समजण्याचा वारसा त्यांना वडिलांकडूनच मिळालेला. स्पेनच्या यादवीत लढून आलेल्या चार सोबत्यांसह ते एका पोलादी पेटीत शिरले आणि सुमारे चौदा तास तिच्यात कोंडून राहिले. धाप लागली, डोकी फुटतील असे वाटू लागले. थेटिसवरच्या माणसांना शेवटच्या तासात काय वाटले असेल ते त्यांनी असे अनुभवून सांगितले. युद्ध सुरू झाल्यावर आरमारासाठी त्यांनी प्राणवायूचे विषही स्वतःवर पारखले. वातावरणाच्या सातपट दाबाखाली निव्वळ प्राणवायू घेताना त्यांना असा झटका आला की पाठीच्या मणक्याला कायमची इजा झाली. एरवी बेचव असणाऱ्या प्राणवायूला दाबाखाली आंबटगोड चव येते, ही नोंद करायला ते विसरले नाहीत.

हे हाल्डेन 1957 साली कायमचे भारतात आले. प्रा. महालनोबिस ह्यांच्या कलकत्त्याच्या संस्थेत त्यांनी काम केले, खादीचे कपडे घातले, भारताचे नागरिकत्व घेतले, आणि 1 डिसेंबर 1964 रोजी भुवनेश्वर येथे त्यांचा अंत झाला. आपल्याकडे त्यांचे नाव घेतले जाते ते आनुवंशिकीच्या संदर्भात. प्राणवायूच्या पिशवीने श्वास घेणारा प्रत्येक पाणबुड्या त्यांच्या त्या दुखऱ्या मणक्याचा ऋणी आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

युद्धाने ह्या यंत्राला काळोखात काम दिले. बुडबुडे नाहीत म्हणून सुगावा नाही. डिसेंबर 1941 मध्ये इटलीच्या सहा पाणबुड्यांनी ह्याच प्रकारच्या पिशव्या लावून अलेक्झांड्रिया बंदरात दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. त्यानंतर ब्रिटिश आरमारात केनेथ डोनाल्ड ह्या डॉक्टरांनी प्राणवायूच्या विषाच्या हजारो चाचण्या घेतल्या. त्यांचा निष्कर्ष पाणबुड्यांना धडकी भरवणारा होता. कोणाला किती खोलीवर, किती वेळाने झटका येईल हे सांगता येत नाही. इतकेच नव्हे, तर तोच माणूस सोमवारी तासभर टिकतो आणि गुरुवारी दहा मिनिटांत कोसळतो. म्हणून निव्वळ प्राणवायूवर पंचवीस फुटांच्या खाली जाऊ नये, असे त्यांनी बजावले. आजची मर्यादाही सुमारे सहा मीटरांचीच आहे.

कुस्तो ह्या प्रसिद्ध फ्रेंच दर्यावर्द्याला ह्याच विषाने युद्धापूर्वी दोनदा झटके आले. त्याने हा मार्गच सोडून दिला आणि 1943 साली गान्यां ह्या अभियंत्याच्या साहाय्याने दाबलेल्या हवेची साधी टाकी सिद्ध केली. श्वास घ्या, बुडबुडे सोडून द्या. उधळपट्टी खरी, पण त्यात शरीराला फसवणारे काही नाही. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने पाण्याखालचा हा खेळ शिकवण्यासाठी संस्था उभी केली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास हौशी माणसे जे उपकरण लावून उतरतात, ते ह्याच कुळातले.

जुन्या पिशवीचा पुनर्जन्म झाला तो विजेच्या सूक्ष्म उपकरणांमुळे. 1968 साली स्टार्क आणि कॅनविशर ह्या दोघांनी अमेरिकेत असे यंत्र बाजारात आणले की ज्यात प्राणवायूचे मापन करणारे घटच आवश्यक तेवढा प्राणवायू आपोआप सोडत. निव्वळ प्राणवायूऐवजी मिश्रण वापरता येऊ लागले आणि खोलीचे बंधन सैल झाले. 1997 साली इंग्लंडमध्ये ‘इन्स्पिरेशन’ ह्या नावाचे यंत्र निघाले आणि हौशी माणसाला ते विकत मिळू लागले. दोन-तीन लिटरांच्या दोन छोट्या टाक्या, छातीवर किंवा पाठीवर श्वासाच्या पिशव्या, दोन-अडीच किलो सोडामिश्रित चुन्याचा डबा, आणि प्राणवायू मोजणारे तीन घट. तीन अशासाठी की एक बिघडला तर उरलेल्या दोघांच्या बहुमताने निर्णय व्हावा!

हे लावून उतरणाऱ्याचा अनुभव साध्या टाकीपेक्षा अगदी वेगळा आहे. पहिली जाणीव शांततेची. कानाशी गडगडणारे बुडबुडे नाहीत. मधूनमधून प्राणवायू सोडणाऱ्या झडपेची टिकटिक तेवढी ऐकू येते. मासे बिचकत नाहीत, जवळ येऊन पाहतात. चुन्याची कर्बाम्ल वायूशी क्रिया होताना उष्णता आणि ओलावा निर्माण होतो, म्हणून श्वास कोमट आणि दमट लागतो; साध्या टाकीच्या कोरड्या, थंड हवेने घसा सुकतो तसा येथे सुकत नाही. दुसरी जाणीव गोंधळाची. साध्या टाकीने उतरणारा दीर्घ श्वास घेऊन किंचित वर तरंगतो, सोडून किंचित खाली जातो. हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. येथे हवा छातीतून पिशवीत आणि पिशवीतून छातीत जाते, एकूण आकारमान बदलतच नाही. शेकडो बुड्या मारलेला माणूसही पहिल्या दिवशी नवशिक्यासारखा कधी तळाला घासतो, कधी वर सुटतो.

तिसरी गोष्ट जाणवत नाही, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. चुना कर्बाम्ल वायू धुवून काढत असतो, म्हणजे डुबीवाल्याला वर ओढणारी ती तगमगच यंत्राने काढून घेतलेली असते. प्राणवायूची टाकी बंद राहिली किंवा घट जुने झाले, तर श्वास तितकाच सुखाचा लागतो, आणि सुखातच शुद्ध जाते. वर येताना दाब उतरतो तेव्हा हा धोका वाढतो, अगदी त्या बांबू धरून वर येणाऱ्या माणसासारखाच. म्हणून मनगटावरील आकड्यांकडे सतत पाहत राहणे हीच ह्या यंत्राची खरी विद्या. आकडा आणि आपले मन ह्यांत मतभेद झाला तर मनाला गप्प बसवून वेगळ्या टाकीचा श्वास घ्यायचा. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 1998 ते 2010 ह्या काळातील रिब्रीदरवरच्या 181 मृत्यूंचा विचार केला आहे, आणि साध्या टाकीच्या मानाने ह्या यंत्रात मृत्यूचा धोका सुमारे दहापट असावा असा अंदाज बांधला आहे. त्यांतील पुष्कळ माणसे अनुभवी होती.

विजयदुर्गाच्या पश्चिमेस भर समुद्रात शंभराहून अधिक किलोमीटरांवर बुडालेले प्रवाळांचे एक पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात, आणि त्याचा माथा पाण्याखाली वीस मीटरांच्या आसपास आहे. तेथील मासे न बुजवता तासन् तास पाहायचे असतील तर असे यंत्र मोठ्या कामाचे ठरेल. पण किनाऱ्यापासून इतक्या दूर चुकीला जागा नाही.

उतरण्यापूर्वी होडीतच नाक बंद करून, आकड्यांवर नजर ठेवून पाच मिनिटे यंत्राचा श्वास घेत बसावे, असा नियम शिकवला जातो. चुना निकामी असेल तर कर्बाम्ल वायू साठून धाप लागेल आणि तेव्हाच कळेल, ही त्यामागची अपेक्षा. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही माणसांना न सांगता चुना मुळीच नसलेल्या यंत्रावर असे पाच मिनिटे बसवले. चौघांपैकी एकाला पाच मिनिटे संपली तरी काहीही जाणवले नाही.